तरवडाच्या मुलखात

जेजुरीचा गड मागे पडला, मोरगावच्या मयूरेश्वराला नमस्कार झाला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा हिरवा रंग हळूहळू उतरू लागतो. ही कऱ्हाटी, कऱ्हेच्या काठचा मुलूख. सह्याद्रीने ढग आपल्याच अंगावर पिळून घ्यावेत आणि उरलेसुरले पूर्वेकडे लावून द्यावेत, असा इथला जुना हिशेब. मुळशी-लोणावळ्याकडे माणसे पावसाला कंटाळतात. बारामती-इंदापुरात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधानाने मान हलवतात. अठराव्या शतकात मोरोपंतांनी जिच्या काठी बसून आर्या रचल्या, त्या कऱ्हेचे पात्र उन्हाळ्यात बहुधा वाळूचेच असते.

गंमत अशी, की या मुलखाला दोन तोंडे आहेत. दक्षिणेकडे निरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाहतो आहे. तिकडे ऊस, केळी आणि गुऱ्हाळाचा वास. उत्तरेकडे जिरायत शेती आणि मुरमाड माळ. पुण्याचा पाहुणा पहिले तोंड पाहतो, ‘बारामती काय हिरवीगार हो!’ म्हणतो आणि परत जातो. मी यंदा मुद्दाम दुसरे तोंड पाहायला गेलो, आणि तेही ऐन वैशाखात. माणसाची परीक्षा संकटात घ्यावी, तशी झाडाची वैशाखात.

निमित्त अक्काच्या वाफ्याचे. माझी थोरली बहीण बारामतीच्या उत्तरेला, गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहते. घरापुढे कुंपणाची भिंत, भिंतीला लागून बारा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा. तोंड पश्चिमेला. दुपारी बारापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन त्याच्यावर बसून असते आणि रात्री भिंत दिवसभराची धग परत करते. बोअरचे पाणी फाल्गुनात आटते, मग टँकर.

“हे बघ,” अक्का म्हणाली, “देवाला रोज मूठभर फुले हवीत आणि दिवाळीला दारात रंग हवा. पण टँकरच्या पाण्याने मी गुलाबांना अंघोळ घालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात घागरीच्या रांगेत उभी राहिलेली माणसे अजून या गल्लीत आहेत. त्यांच्या देखत हिरवळीवर पाइप सोडायची मला लाज वाटते. तू माळ हिंडतोस ना? मग काय जगेल ते सांग.”

असे फर्मान घेऊन मी सुप्याच्या माळावर गेलो. इथले मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. मुख्य रहिवासी चिंकारा. अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट झाडी येते. इथे गवत, मधूनमधून बाभूळ, हिवर, बोर, आणि डोक्यावर मोकळे आकाश. वैशाखात ते गवत पार वाळलेले होते. शहरी डोळ्याला वाटते, मेले बिचारे. पण बुंध्याशी बोटाने उकरून पाहावे, तर मूळ जिवंत. पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात माळ हिरवा. हे पहिले शहाणपण : उन्हाळ्यात वाळणे आणि मरणे एक नव्हे. बारमाही हिरवेपणाचा हट्ट सोडला, की निम्मे पाणी तिथेच वाचते.

अभयारण्याबाहेर एका ओढ्याच्या काठी एक म्हातारे मेंढके भेटले. समोर तरवडाचे झुडूप होते. त्या भट्टीतही पाने हिरवी आणि शेंड्याला पिवळी फुले. हाच तो तरवड. त्याच्या सालीने चामडी कमावतात आणि नवरात्रात त्याची फुले घटावर चढतात.

“याला पाणी कोण घालतं, बाबा?” मी विचारले.

“पानी?” म्हातारा हसला. “आवं, मेंढरूसुदिक याला तोंड लावत न्हाई, मग पानी कोन घालतंय! त्याची मुळी बघा कुठवर गेलीया.”

ओढ्याने काठ कापला होता, म्हणून मुळी उघडी दिसत होती. झुडूप माझ्या कमरेएवढे. मूळ मात्र मुरमाच्या भेगांतून माझ्या उंचीएवढे खाली. “वरनं थोडं थोडं पाजलं की मुळी वरच खेळती,” ते म्हणाले. “तिला खाली जाऊ द्यावं.”

साऱ्या बागकामाचे मर्म त्या वाक्यात आले. रोज तांब्याभर पाणी मिळालेले झाड मुळे वरच्या चार बोटांत पसरते, आणि ऊन आधी तीच चार बोटे भाजते. आठवड्यातून एकदा पण भरपूर पाणी दिले, तर ओल खोल जाते आणि मुळे तिच्यामागे जातात.

बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. नाव जड असले तरी काम सोपे सांगता येते : ऊन, दुष्काळ आणि खडकाळ जमीन यांत पीक कसे तगेल, ते शोधणे. संस्थेला जमीनही तशीच मिळाली, सारा कातळ आणि मुरूम. तो फोडून, त्यात काळी माती मिसळून तिथे फळबागा उभ्या राहिल्या. ड्रॅगन फ्रूटचाही तिथे अभ्यास झाला. हे फळझाड निवडुंगाच्या कुळातले; तरी आपल्या कडक उन्हात त्याची खोडे भाजून पिवळी पडतात, कारण त्याचे मूळ घर अमेरिकेतल्या जंगलात, दाट झाडांच्या आधाराने. म्हणजे नुसते कूळ पाहून भागत नाही, गावही विचारावे लागते.

इंग्लंडात बेथ चॅटो नावाच्या बाईंनी १९९१-९२ च्या सुमारास एसेक्स परगण्यात, मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली आणि तिला पाणी घालायचे नाही, असा नेमच केला. तिथला पाऊसही पाचशे मिलिमीटरच्या आसपास, कऱ्हाटीएवढाच! पण तो बारा महिने वाटून पडतो. आपला चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे त्यांची झाडे आपल्याला उपयोगाची नाहीत. रीत मात्र उपयोगाची : जागा पाहून झाड निवडावे आणि माती खडीने झाकावी, म्हणजे ओल उडत नाही.

चिवटपणाही बेताने घ्यावा. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून परदेशातून आली आणि रानेच्या राने गिळून बसली. वेड्या बाभळीची तीच कथा. न मरणारा पाहुणा घरात घेताना तो कधी जाणार, हे आधी विचारून ठेवावे.

मग मी अक्काला यादी दिली. भिंतीलगत मागे दोन तरवड आणि एक बोगनवेल. बोगनवेलीला पाणी जास्त झाले तर ती नुसती पाने देते. जरा तहानलेली ठेवली की रंगांनी भरते. एका टोकाला पांढरा चाफा. तो जाड फांद्यांत पाणी साठवतो आणि पाने गाळून उन्हाळा काढतो. मध्ये देवासाठी सदाफुली आणि संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी, जिचा कंद जमिनीत झोपून राहतो. पुढच्या काठाला कोरफड आणि ‘ऑफिस टाइम’, जी कचेरीच्या वेळेला फुलते. कण्हेर मात्र मी वगळली. चिवट खरी, पण सर्वांगाने विषारी, आणि अक्काची नातवंडे अजून सगळे तोंडात घालण्याच्या वयाची.

खड्डे दोन फूट खोल. निघालेला मुरूम फेकायचा नाही. त्यातच माती आणि थोडे शेणखत मिसळायचे. नुसत्या खताने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. मूळ बाहेर पडायला तयारच होत नाही. रोपे लहान घ्यायची, पहिला चांगला पाऊस झाला की लावायची आणि पहिले वर्ष सांभाळायची.

यादी ऐकून अक्का म्हणाली, “आणि माझा मोगरा?”

तो तिने माहेराहून, आईच्या हातच्या रोपाची फांदी आणून वाढवला होता. पश्चिमेच्या वाफ्यात तो टिकला नसता. शेवटी तो पूर्वेला, स्वयंपाकघराच्या मोरीजवळ लावला. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी आता रोज त्याच्याकडे जाते. ज्याला पाणी लागतेच, त्याच्यासाठी घरातले वापरलेले पाणी शोधावे. त्याच्यापायी सारा वाफा तहानेला लावू नये.

परवा अक्काचा फोन आला. तरवड अजून गुडघ्याएवढाच आहे. त्याची फुले पुढच्या नवरात्रात. सदाफुली देवघराला पुरते आहे आणि दारातली गुलबक्षी दिवाळीपर्यंत टिकेलसे दिसते. मी विचारले, “पाणी किती लागते गं?”

“पाऊस थांबल्यापासून आठवड्याला सहा बादल्या,” ती म्हणाली, “आणि शेजारच्या काकूंनी काल सदाफुलीचे बी मागून नेले.”