परळातले पाणी

अमरावतीच्या माझ्या लहानशा कौलारू घरामागे एक बाग आहे. बाग म्हणजे काय, तर एक जुना कडुनिंब, एक लिंबाचे झाड आणि जास्वंदीची दोन-चार झुडपे! जन्मभर मुलांना शिकविण्यात गुंतलेल्या मला, निवृत्त झाल्यावर या बागेकडे निवांत पाहण्यास सवड मिळाली.

वऱ्हाडचा उन्हाळा मोठा कडक. अमरावती-अकोल्याचा पारा कित्येकदा ४५ अंशांवर जातो. पक्ष्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. चोच उघडी ठेवून, धापा टाकीत ते अंगातील उष्णता बाहेर सोडतात. त्यात त्यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. म्हणून मी कडुनिंबाच्या सावलीत मातीचा एक पसरट परळ ठेवला. रोज सकाळी तो घासून ताज्या पाण्याने भरू लागलो.

हळूहळू परळाभोवती दरबार भरू लागला. बुलबुल चोचीत पाणी घेई आणि मान उंचावून ते गळ्याखाली उतरवी. होला मात्र चोच बुडवून गुरांसारखे सलग पाणी पिई. साळुंक्यांना पिण्यापेक्षा नाहण्याचीच हौस अधिक! खार काठावर पुढचे पाय टेकून भित्र्या नजरेने चहूकडे पाही. एकदा भर दुपारी मुंगूस आले, तेव्हा सारा दरबार क्षणात फांद्यांवर जाऊन बसला.

एका वैशाखात मी लग्नासाठी तीन दिवस अकोल्यास गेलो. निघण्याच्या गडबडीत परळाची आठवणच राहिली नाही. परतलो तो परळ कोरडा ठणठणीत, आणि शेजारी एक होला निष्प्राण पडलेला! तो तहानेनेच गेला, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण मनाला चटका बसला. लिंबाच्या झाडाखाली मी त्याला पुरीत होतो. शेजारची चिमुरडी जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, गावाला जाताना पाखरांना सांगून गेला होता का हो?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. रोज पाणी ठेवून मी त्या मुक्या जिवांना न बोलता शब्द दिला होता, आणि तो माझ्याच हातून मोडला होता.

आता मी गावाला निघालो की परळ त्या मुलीच्या स्वाधीन करतो. तिच्या हातून आजवर एकही दिवस चुकलेला नाही.

मुलांनो, तुम्हीही अंगणात पाखरांसाठी पाणी अवश्य ठेवा. मात्र ठेवण्यापूर्वी स्वतःला एकदा विचारा, "उद्याही ठेवीन ना?"