मानी मणी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत काचेच्या काळ्या मण्यांचे ढीग दिसतात. तिथे तो गर्दीतला एक, ओळखही देत नाही. त्याचा स्वभाव कळतो तो जन्मताना, बर्नरच्या ज्योतीवर.

आमची पहिली भेट भांडणाची. काचेची थंड कांडी मी थेट ज्योतीत खुपसली. ती तडतडून उडाली, मनगटाला चटका बसला. एकदम सलगी त्याला खपत नाही. आधी ज्योतीच्या शेंड्यापलीकडे कांडी हलवत ऊब द्यायची, मग हळूहळू आत घ्यायची. टोकाला थेंब लोंबू लागला की सळईवर गुंडाळायचा. सळईला आधी मातीचा लेप देऊन वाळवायची. विसरलात, तर पठ्ठ्या सळईला जन्माची मिठी मारतो.

सळईवर बसला की त्याची मागणी एकच: फिरवत राहा. थांबलात की पोट सुटतं. नवशिका घाबरून चिमट्याने दाबायला जातो, तिथेच फसतो. वितळलेली काच पृष्ठताणाने आपसूक गोल होते. ते त्याच्या रक्तातच आहे. आपण सळई आडवी धरायची आणि जपमाळ ओढणाऱ्या आजीच्या संथपणाने फिरवायची.

पंख्याशी त्याचं वाकडं. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 42च्या वर असताना, खिडक्या उघड्या ठेवून पण पंखा बंद करून ज्योतीपुढे बसायचं! वर डिडिमियमचा चष्मा हवाच, सोडियमचा पिवळा भडका तोच अडवतो. चष्म्याविना बसणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही.

राग मात्र तो पोटात ठेवतो. ताटलीत देखणा दिसतो आणि चौथ्या दिवशी दोन तुकडे. वरची कातडी आधी गार होऊन आखडते, गाभा मागे राहतो, ताण साठतो. म्हणून सोडा-चुन्याच्या काचेचा मणी सुमारे 500 अंशांच्या भट्टीत मुरवून सावकाश उतरवतात. भट्टी नसेल तर गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरावा. पण लहानच, मोठ्याचा भरवसा नाही.

बार्शीपलीकडचं तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथातलं तगर. तिथल्या उत्खननात शतकानुशतकं टिकलेले काचेचे मणी निघाले. त्यांना गार करणाऱ्याला घाई नसावी.

माझा पहिला धड मणी, जरा पोट सुटलेला, देवघरातल्या वाटीत आहे. आज नववा दिवस. अजून तडकलेला नाही.