अळंबी, अ‍ॅप आणि वारूळ

परवा टीममधल्या एका मित्राने ग्रुपवर फोटो टाकला. सोसायटीच्या लॉनवर पावसानंतर उगवलेल्या पांढऱ्याशुभ्र, बशीएवढ्या छत्र्या. खाली प्रश्न: "अ‍ॅप म्हणतंय ८७ टक्के खाण्यालायक. तू पापडीचा ना? काय वाटतं?"

पापडीचा माणूस म्हणजे जन्मतःच वनस्पतिशास्त्रज्ञ, असा अंधेरीच्या पूर्वेकडे समज आहे :) पण उत्तर मला ठाऊक होतं. हात लावू नकोस.

हे ८७ टक्के प्रकरण आमच्या धंद्यात छान चालतं. स्पॅम फिल्टर चुकला तर एक मेल हुकेल. इथे उरलेले १३ टक्के तुमच्या पोटात जातात! शिवाय अ‍ॅप बघतं काय, तर वरची टोपी. लॉनवर हमखास उगवणारी क्लोरोफायलम नावाची विषारी छत्री वरून अगदी सात्त्विक दिसते. कोवळेपणी खालचे पातळ पडदेही पांढरेच असतात, हिरवट झाक नंतर येते. खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब सुरू.

आता आमच्या बाजारात या. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या पायथ्याकडून बायका रानभाज्या घेऊन येतात. आधी शेवळं, मग कर्टुली आणि श्रावणाच्या आगेमागे पानांवर मांडलेली अळंबी. भाव ऐकून बटण मश्रूमवाले चक्कर येऊन पडतील. एका मावशींना विचारलं, ही चांगलीच कशावरून? त्यांनी एक उचलून उलटी धरली. "मूळ बघ ना भाऊ. वारुळातली आहे."

या उत्तरात बरंच काही आहे. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या लाकूडपाल्यावर बुरशीची शेती करते. (होय, शेती. आपल्या कितीतरी आधीपासून.) पावसात त्याच शेतातून अळंबी वर येते. म्हणून देठ जमिनीखाली मुळासारखा लांब निमुळता जातो आणि माती फोडायला टोपीला मधोमध टोक असतं. वाळवीशिवाय ती जगत नाही, म्हणून तिची लागवड जमलेली नाही, आणि म्हणून तो भाव. वारूळ शाबूत राहिलं तर ती बहुधा पुढच्या वर्षी तिथेच येते. म्हणजे मावशी नुसती अळंबी ओळखत नाहीत, जागा ओळखतात. फोटोत नेमकी तीच नसते. अर्थात, लांब मूळ दिसलं की झालं असंही नाही; तशा दुसऱ्या छत्र्याही असतात.

आणि सवयीच्या माणसांचाही घात होतो. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जण गेले, बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांतले. अमानिटा जातीतल्या जीवघेण्या छत्र्यांचं विष शिजवून जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण रंग बदलते, किड्याने खाल्लेली चालते, ह्या सगळ्या थापा. त्रास सुरू व्हायलाच सहा ते बारा तास किंवा जास्तही लागतात. मग दिवसभर बरं वाटतं, आणि तेवढ्यात आत यकृत निकामी होत असतं. त्यामुळे खाल्ल्यावर उलट्या झाल्या तर 'आता बरंय' म्हणून घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

माझे नियम साधे. स्वतः वेचत नाही. (तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, ट्रेकला जाऊन वारुळं उकरणाऱ्यांना हे कुणीतरी सांगा राव.) ओळखीच्या मावशींकडूनच घेतो, मुळासकट असली तरच, आणि कुठली ते विचारून. दोन-तीन न शिजवता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतो, वेळ आलीच तर डॉक्टरांना दाखवायला. आई ह्याला माझा 'बॅकअप' म्हणते.

बाकीची माती धुऊन, कांदा, लसूण, हळद, जरासं सुकं खोबरं घालून चांगली शिजवायची. गरम मसाला अजिबात नको. आणि बाजारात सकाळी लवकर जा, उशिरा गेलात तर नुसती पानं उरतात.