पाच किलोचा आळस

"फुकटचं धान्य वाटून सरकारनं माणसं आळशी केली." आमच्या सोलापूरकडे हे वाक्य लग्नाच्या मांडवात ऐकू येतं, एसटीत ऐकू येतं, आणि कांदा काढणीच्या दिवसांत तर प्रत्येक बांधावर. बोलणारा सहसा वाईट माणूस नसतो. त्याला मजूर मिळालेला नसतो, इतकंच.

तर आधी या आळसाचं वजन करू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य ठरवून दिलं आहे. अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे 35 किलो. 5 किलोला 30 दिवसांनी भागलं की दिवसाचे 166 ग्रॅम येतात. एवढ्या पिठाच्या दोन भाकरी होतात, थापणारीचा हात सढळ असेल तर दीडच. त्यात डाळ नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही, चुलीखालचं जळणही नाही. पाच माणसांच्या घरात येणारे 25 किलो बाजारभावानं फार तर आठशे-नऊशे रुपयांचे. एवढ्यावर महिनाभर लोळत पडणं जमलंय असं कुणी मला अजून भेटलेलं नाही. भेटलं तर त्याच्याकडून संसार शिकून घ्यायचा आहे.

मग मजूर जातात कुठं? घरात पीठ नसायचं तेव्हा बाई सकाळी सातला बांधावर येऊन उभी राहायची आणि हजेरी किती हे तिला संध्याकाळी कळायचं. आता पिंपात आठवड्याचे गहू असले की ती आदल्या रात्रीच विचारते, "रोज किती देणार? न्यायला गाडी येणार का?" नाही पटलं तर ती चौघीजणींना घेऊन दुसऱ्याच्या रानात उक्तं काम धरते. ती घरी बसलेली नसते, फक्त आपल्याकडे आलेली नसते. बागायतदाराच्या अडचणी मी नाकारत नाही. कांद्याचा भाव त्याच्याही हातात नसतो आणि रोज वाढवून द्यायचा तर आणायचा कुठून, हा त्याचा प्रश्न खरा आहे. पण ज्याला तो आळस म्हणतो ती घासाघीस आहे, आणि घासाघीस करायला पोटात थोडं असावं लागतं.

हा आरोप तरी कुठं नवा आहे? 1876-77 च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सरकारी कामांवर लोकांची रीघ लागली, तेव्हा सर रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्यानं मजुरी खाली आणली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. जास्त दिलं तर लोक कामाला नालायक होतील, सरकारवर विसंबून राहतील, ही भीती. आपल्याकडच्या कामांवरून मजूर निघून गेले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजानं पुण्याजवळ धनकवडीला मुलांना जेवू घालायची सोय केली. तिथं जेवलेली मुलं पुढं आळशी निघाल्याचं काही माझ्या वाचनात नाही.

असं सगळं मी तावातावानं बोलते, पण माझी खरी पंचाईत बागायतदारापुढं होत नाही, आत्यापुढं होते. माझी सख्खी आत्या, वय सत्तरीच्या पुढं. मुलगा यंत्रमागावर टॉवेल विणायचा. घराचं कार्ड केशरी, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का, पण ते कायम ट्रंकेत. धान्य आणायला कुणाला जाऊ द्यायची नाही. "आम्ही कुणाचं फुकट खाल्लं नाही," ती म्हणायची. "बहात्तरला खडी फोडली, पण कुणापुढं पदर पसरला नाही."

बहात्तरला ती नुकती लग्न होऊन आलेली. त्या दुष्काळात महाराष्ट्रात एका वेळी जवळपास 50 लाख माणसं सरकारी कामांवर होती. कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या घरंदाज बाया तोंडावरून पदर ओढून हातोडा मारत होत्या. कामावर सुकडी मिळे, रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो. मिलोची भाकरी कशी तुटायची, थापताना काठ कसे फाटायचे, हे आत्या हातानं करून दाखवते. तिच्या लेखी ते सगळं घामाचं होतं, म्हणून त्याची लाज नव्हती.

सून तिला आत्याच म्हणते, आमच्याकडची रीत. ती एकदा म्हणाली, "आत्या, सुकडीबी सरकारचीच हुती की." आत्या म्हणाली, "हुती. पन आधी पाटी उचलली, मग खाल्ली."

आत्याचं हे म्हणणं मला बागायतदाराच्या वाक्यासारखं हिशेबानं खोडता येत नाही, आणि खोडावंसंही वाटत नाही. आधी पाटी, मग सुकडी या क्रमावर एका पिढीनं मान ताठ ठेवली. याच लोकांच्या कष्टातून आपल्या राज्याची रोजगार हमी उभी राहिली. लोकांनी दान मागितलं नव्हतं, काम मागितलं होतं. पण आत्याच्या हिशेबात एक बाजू मांडलेलीच नाही. काड्यापेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत तिचं घर प्रत्येक खरेदीत कर भरत आलं. चाळीस वर्षं तिनं घर ओढलं, सासऱ्यांचं अंथरुणातलं दुखणं काढलं, त्याची हजेरी कुठल्या मस्टरवर लागली? पाटी तिनं उचललीच होती. मोजणारा कुणी नव्हता.

तिचं मन माझ्या युक्तिवादानं वळलं नाही. 2020 साली माग बंद पडले, घरातला पगार थांबला, आणि सुनेनं एका सकाळी न विचारता ट्रंक उघडली. आत्या काही बोलली नाही. पहिले काही दिवस रेशनच्या गव्हाची चपाती तिनं खाल्ली नाही, शिळी भाकरी खाल्ली. नातवाच्या ताटात मात्र स्वतः वाढली. पुढं कधीतरी कार्ड हातात घेऊन तिनं मला विचारलं, "यात माझं नाव पहिलं का?" कायद्यातच आहे तसं, घरातली सगळ्यांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. सातबारा मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, नावावर होता, वीजबिल मुलाच्या. कार्डावर ती पहिली.

आता ती तांदूळ निवडायला सूप घेऊन बसते. पोषक तत्त्वं घातलेल्या तांदळाचे दाणे साध्या दाण्यांत शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले असतात. पिठाचे बनवलेले, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 घातलेले, जरा पिवळट. पाण्यात टाकले की तरंगतात. गल्लीत बोलवा होती की हा प्लास्टिकचा तांदूळ आहे. आत्यानं ते दाणे एकेक वेचून वाटीत काढले, रात्रभर भिजत घातले, सकाळी बोटानं चुरडून बघितले. "पीठच हाय," म्हणाली आणि वाटी भातात ओतली. दुकानात तसा फलक लावला असता तरी लोक वाचते की नाही कोण जाणे. पण गरिबाला काय देतोय हे त्याला धड सांगावं, एवढंही कुणाच्या मनात आलेलं दिसलं नाही.

माझ्या लहानपणी रेशनची लाज ठाऊकच नव्हती. माझी आई शाळेत शिक्षिका, वडील कारकून. शनिवारी दुपारी तांदळाची पिशवी, तेलाचा डबा आणि रॉकेलचा कॅन घेऊन आम्ही भावंडं रांगेत. पुढं पोस्टमास्तर, मागं वकिलीणबाई. तक्रारी भरपूर असत. तांदळात खडे फार, पामतेलाला वास, दिवाळीची साखर वजनात मारली. पण रांगेत उभं राहिल्यानं कुणी लहान झालं नव्हतं. मुंबईत तर त्याआधी 1972 मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मध्यमवर्गीय बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, महागाईविरुद्ध, जीवनावश्यक वस्तू रास्त भावानं मिळाव्यात म्हणून. त्यांची मुलं-नातवंडं आज रेशनचं नाव काढताच नाक मुरडतात.

मधल्या काळात झालं ते एवढंच, की रांग तोडली. 1997 पासून धान्य सगळ्यांसाठी न राहता गरिबांपुरतं झालं, आणि 1999 पासून महाराष्ट्रात कार्डांना रंग आले. पिवळं, केशरी, पांढरं. सरकारी तिजोरीच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं असेलही, पण त्या दिवसापासून दुकानाच्या पायरीवर उभं राहणं म्हणजे आपली मिळकत चारचौघांत जाहीर करणं झालं. लाज आली ती इथून.

अन्नाचीच लाज असती तर अक्कलकोटच्या अन्नछत्रात आणि शिर्डीच्या प्रसादालयात चारचाकीतून येणारी माणसं पंगतीला बसली नसती. मीही बसते. तिथं कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही, अंगठा जुळत नाही म्हणून कुणाला पानावरून उठवत नाहीत. सरकारी धान्य घेणारी बाई मात्र मशीनवर एक बोट, दुसरं बोट, ओलं करून, पुसून लावत राहते. भांडी घासून झिजलेली बोटं मशीनला ओळखू येत नाहीत.

आणि एक गंमत सांगायला हवी. फुकट धान्यानं देश बुडाला म्हणणाऱ्या कित्येक घरांत इडलीला तांदूळ येतो तो कामवाल्या मावशींकडून, किलोला पंधरा-वीस रुपये देऊन. "रेशनच्या तांदळाच्या इडल्या हलक्या होतात हो." मावशी धान्य विकतात ही चर्चाही मग त्याच इडल्या खाताना होते. मला स्वतःला मावशींचा फार राग येत नाही. जिच्या घरी ज्वारीच जाते, तिला पोतंभर तांदूळ दिला तर ती तो मोडून ज्वारी, नाहीतर पोराची वही आणणारच. दुकानाच्या मागच्या दारानं पोतीच्या पोती जातात ती चोरी. ही चोरी मला वाटत नाही.

तर घ्यावं का? गरज असेल आणि शिक्का असेल तर घ्यावं, मान खाली न घालता, पावती मागून, वजन बघून. पण त्या धान्याला फुकट हे विशेषण लागलं नसतं तर बरं झालं असतं, असं मात्र मला वाटतं. 2022 संपेपर्यंत कायद्यातलं धान्य गहू 2 रुपये, तांदूळ 3 रुपये किलोनं मिळे. 1 जानेवारी 2023 पासून तेही मोफत झालं. सरकारच्या लेखी ते दोन-तीन रुपये काहीच नव्हते. आत्याच्या लेखी होते. "तेवढं तरी मोजत हुतो," ती म्हणते. पंच्याण्णव साली झुणका-भाकर निघाली ती एक रुपयाला, शिवभोजन थाळी सुरू झाली दहाला. पैसे टाकून घेणारा गिऱ्हाईक असतो, त्याला भात कच्चा आहे म्हणून ओरडता येतं. माझ्या ओळखीच्या अर्थशास्त्रवाल्यांना हे पटत नाही, सुट्टे पैसे आणि हिशेबाची कटकट वाचली म्हणतात. वाचली असेल.

त्याहून मला खटकतात त्या पिशव्या. 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा आला: रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. वस्तू चांगल्या, वेळ चांगली. पण पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो. कायद्यानं हक्क म्हणायचं आणि पिशवीनं उपकार म्हणायचं, म्हणजे घेणाऱ्यानं नेमकं कुणाचं ऐकायचं? आत्यानं ती पिशवी उलटी करून शिवली आणि तिच्यात मिरच्या भरल्या.

राहिले ते, ज्यांना गरज नाही पण नाव आहे. असे आहेत. आमच्याच गल्लीत दाराशी नवी कोरी गाडी आणि कपाटात शिक्क्याचं कार्ड असलेलं घर आहे. ते धान्य आणतात, गाईला घालतात आणि पुण्य लागतं म्हणतात. धान्य घ्यायला न गेल्यानं काम भागत नाही, नाव कमी करण्याचा अर्ज पुरवठा शाखेत द्यावा लागतो. कारण यादीची लांबी ठरलेली आहे. महाराष्ट्राला साधारण सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक, तोही 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. त्यानंतर जन्मलेली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, वेगळी झालेली बिऱ्हाडं या सगळ्यांना खिडकीवर एकच उत्तर मिळतं: इष्टांक शिल्लक नाही. आत्याच्या धाकट्या नातवाचं नाव अजून चढलेलं नाही. मागच्या सोमवारी ती स्वतः तहसीलला गेली होती. जाताना गाईवाल्यांच्या दारावरूनच गेली आणि त्यांच्या सूनबाईला म्हणाली, "चल की माझ्यासंगं. मी नाव घालाया चाललेय, तू काढाया ये." सूनबाई हसली, आणि दुपारी भेटू म्हणाली.