खोक्यातला माग

घरी विणण्यासाठी मागवलेला पायमाग माग म्हणून येतच नाही. येतात ती लांबोडकी, जड खोकी. त्यांत कागदात गुंडाळलेल्या पाइनच्या फळ्या, दांड्या, रूळ आणि पट्ट्या असतात. एका पिशवीत पाचरा आणि खुंट्या, दुसरीत पांढऱ्या दोरीची वेटोळी. सोबत एक पुस्तिका, तिच्यात शब्द कमी आणि बाण जास्त.

या जातीच्या मागांत स्वीडिश माग सर्वांत जास्त नावाजलेले आहेत. दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतात ग्लिमोक्रा नावाचे लहानसे गाव आहे; त्या गावाच्या नावाने ओळखले जाणारे माग युरोप-अमेरिकेतल्या अनेक हौशी विणकरांच्या घरी दिसतात. विणण्याची रुंदी 100, 120 किंवा 150 सेंटीमीटर. दीडशेचा माग दिवाणखान्यात मांडला की दिवाणखाना उरत नाही, हे मागवण्याआधीच ध्यानात घेतलेले बरे. शिवाय भिंतीला टेकवून तो ठेवता येत नाही. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, गुंडाळताना मागे जावे लागते आणि दोऱ्या बांधताना तर थेट मागाच्या पोटात शिरून बसावे लागते.

सुटा करून ठेवता येणारा माग ही काही आजच्या दुकानदारीची युक्ती नव्हे. सपाट खोक्यातल्या फर्निचरसाठी आयकियाचे नाव झाले ते 1956 नंतर; स्वीडनच्या खेड्यांतले माग त्याच्या कितीतरी आधीपासून सुटे होत आले आहेत. शेतकऱ्याच्या घरी माग वर्षभर उभा नसे. हिवाळा सरत आला, उजेड वाढू लागला, पण शेते अजून गोठलेलीच असली की तो माळ्यावरून खाली येई. घरची अंथरुणे, पंचे, जुन्या कपड्यांच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणून झाल्या आणि शेतीची कामे सुरू झाली की पुन्हा सुटा होऊन माळ्यावर जाई. गिरणीच्या कापडापुढे हा रिवाज मावळू लागला, तेव्हा 1874 मध्ये स्टॉकहोममध्ये ‘हस्तकलेचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाची संस्था निघाली आणि 1899 मध्ये लिली झिकरमन यांच्या पुढाकाराने घरगुती हस्तव्यवसायांची संस्था उभी राहिली. विणकाम टिकले त्यात या संस्थांचा वाटा मोठा आहे. मागाचा सांगाडा मात्र फारसा बदलला नाही.

बदलला नाही, कारण त्याचे सांधे मुळातच शहाणपणाने केलेले आहेत. ताणलेले शेकडो धागे पुढच्या आणि मागच्या दांडीला एकमेकींकडे ओढत असतात. शिवाय विणलेला धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा प्रत्येक ठोका चौकटीला पुढे ढकलतो. असा मार सतत बसला तर सरसाचा सांधा आज ना उद्या उकलतो, खिळ्याचे भोक मोठे होत जाते. पाचरीचा सांधाही ढिला होतो, पण तो मोगरीच्या एका टोल्याने पुन्हा घट्ट होतो. येवल्या-पैठणच्या खड्डामागाशी ताडून पाहिले तर हे आणखी उमजते. तिथे खांब जमिनीत रोवलेले, विणकर जमिनीवर बसलेला आणि त्याचे पाय खड्ड्यात. मागाची निम्मी चौकट म्हणजे जमीनच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खड्डा खणता येत नाही, म्हणून जमिनीने करायचे काम तिथे लाकडावर येते. चरख्याचे असे नाही. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीत मावणारा चरखा सिद्ध केला. चरख्याला फक्त फिरायचे असते. मागाला ताण सोसायचा असतो, त्यामुळे तो सुटा होतो, पण हलका होत नाही.

जोडणी बाजूंपासून सुरू होते. डाव्या आणि उजव्या बाजूची चौकट आधी जमिनीवर आडवी ठेवून जुळवायची, मग उभी करायची. इथे दोन माणसे लागतात, एकाने बाजू धरायची आणि दुसऱ्याने मधल्या आडव्या फळ्यांची कुसे भोकांत सरकवायची. पाचरा पहिल्या फेरीला हातानेच बसवायच्या. एक कोपरा आधीच ठोकून पक्का केला तर समोरचा कोपरा हट्टाला पेटतो. सगळे उभे राहिले की चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले तर माग काटकोनात आहे. कमीजास्त असले तर लांब कर्णाच्या दिशेने जरा रेटायचे. मग पाणसळ लावून बघायचे, आणि जमीन उताराची असेल तर पायाखाली पातळ चिपा घालायच्या. त्यानंतर मोगरी. ठोक्याचा आवाज सुरुवातीला भद्द येतो. कुसू बसले की तो टणक होतो. तिथे हात थांबला पाहिजे, पाइन मऊ असते.

पुढची आणि मागची दांडी, ताण्याचा रूळ, कापडाचा रूळ, रुळांची दातेरी चक्रे आणि त्यांच्या खिट्ट्या, वरून लोंबणारी फणीची चौकट हे सारे मग भराभर जागेवर जाते. खोकी रिकामी होतात. पाहुण्यांना माग तयार दिसतो. खरे तर तोवर फक्त सुतारकाम झालेले असते. लाकडाचा माग होतो तो दोऱ्यांनी.

ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या वहीची प्रत्येक चौकट म्हणजे वर एक दांडी, खाली एक दांडी आणि मध्ये डोळा असलेले असंख्य दोरे. ताण्याचा प्रत्येक धागा एका डोळ्यातून जातो. घरगुती मागाला बहुधा अशा चार चौकटी असतात. काही मागांत पायाखालची पायपट्टी दाबली की चौकटी फक्त वर उचलल्या जातात. काहींत कप्प्यांवरून दोन वर गेल्या की दोन आपोआप खाली येतात. स्वीडिश काउंटरमार्च मागात प्रत्येक दाबाला प्रत्येक चौकट हलते, एक तर वर नाहीतर खाली. त्यामुळे धोट्याला स्वच्छ, रुंद वाट मिळते आणि ताण्याचे दोन्ही थर सारखेच ताणले जातात. लिननसारख्या न लवणाऱ्या धाग्याला हाच माग मानवतो.

हे साधते ते असे. मागाच्या माथ्यावर प्रत्येक चौकटीसाठी तरफांची एक जोडी असते. तरफांच्या बाहेरच्या टोकांना चौकट टांगलेली असते. आतल्या टोकांना बांधलेली दोरी ताण्याच्या मधून सरळ खाली उतरून खालच्या आडव्या पट्टीला मिळते. ती पट्टी ओढली की तरफांची आतली टोके खाली येतात, बाहेरची वर जातात आणि चौकट उचलली जाते. चौकटीच्या तळाशी बांधलेली दुसरी, वरची पट्टी ओढली तर चौकट खाली येते. म्हणजे प्रत्येक पायपट्टीला प्रत्येक चौकटीसाठी एक दोरी हवीच, या पट्टीला किंवा त्या. चार चौकटी आणि सहा पायपट्ट्यांच्या 24 दोऱ्या होतात. आठ चौकटी आणि दहा पायपट्ट्या असतील तर 80. अमेरिकेतल्या विणकर जोआन हॉल यांनी नुसत्या या बांधणीवर एक पुस्तक लिहिले आहे, आणि ते वायफळ नाही.

पूर्वी या दोऱ्या गाठींनी बांधत. आता पॉलिएस्टरची दोरी मिळते, तिला ठरावीक अंतरावर काजे असतात आणि काजातून प्लास्टिकची खुंटी घालायची. एक काज पुढे, एक काज मागे, एवढाच हिशेब. बांधताना क्रम सोडायचा नाही. आधी तरफांच्या भोकांतून खीळ घालून त्या सरळ रेषेत जखडायच्या, मग चौकटी, मग मधली दोरी, मग दोन्ही पट्ट्या आणि सर्वांत शेवटी पायपट्ट्या. नवख्याने सहाच्या सहा बांधण्याचा सोस धरू नये. साध्या विणीला दोन पायपट्ट्या पुरतात आणि त्यांना आठच दोऱ्या लागतात: एकीवर पहिली-तिसरी चौकट वर आणि दुसरी-चौथी खाली, दुसरीवर याच्या उलट. बांधून झाले आणि पाय दाबूनही काही हललेच नाही, तर तरफांतली खीळ काढायची राहिली असण्याचा संभव सर्वांत जास्त.

मग ताणा. इचलकरंजीत धागे वहीतून आणि फणीतून ओवणारे वहिफणी कामगार वेगळे असतात. घरच्या विणकराला ते काम स्वतःच उरकावे लागते. रुंदी 40 सेंटीमीटर आणि सेंटीमीटरला 6 धागे धरले तरी 240 धागे, प्रत्येक धागा दोनदा ओवायचा. पहिला ताणा सुताचाच असावा, आणि त्यात दोन रंग असले तर ओवण्यातली चूक लगेच दिसते.

पुढच्या दांडीवरून ताणा बांधून चार बोटे विणले की मागाची खरी तपासणी होते. पाय दाबून बाजूने बघायचे. खालच्या थरातले काही धागे वर तरंगत असतील तर त्या चौकटीच्या वरच्या पट्टीकडे जाणारी दोरी एक काज आखडायची. वरच्या थरातले धागे लोंबत असतील तर खालच्या पट्टीची. एक दोरी हलवली की शेजारच्या दोऱ्या पुन्हा बघाव्या लागतात, म्हणून एका वेळी एकच बदलायची. दोन्ही थर समपातळीत आले आणि धोटा न अडखळता पलीकडे गेला की बांधणी झाली.

लाकूड मात्र हवा बदलते तसे हलत राहते. शेगडीने तापवलेल्या घरात ते हिवाळ्यात आकसते आणि पाचरा ढिल्या पडतात. कोकणातल्या पावसाळ्यात फुगून सांधे आवळले जातात आणि रूळ जड फिरतो. पाचरा ऋतू पालटला की तपासाव्यात आणि ठोकायच्या झाल्या तर आधी खिट्टी सोडून ताणा सैल करावा.