चढा गंधार

पेटी शिकायला लागलो तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि शिकवणारी अठ्ठावीस. ती मला काका म्हणते, मी तिला ताई. क्लासमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

पहिले काही महिने मी पेटी म्हणजे उजवा हातच समजत होतो. बोटं पट्ट्यांवर नीट पडली की झालं. डावा हात आपला मागे भात्यावर, हापशीवर पाणी काढावं तसा चालू. "काका, बादली भरायची नाहीये आपल्याला," ताई म्हणाली. मग तिने पेटी उघडून दाखवली. बाहेर दिसतो तो एक भाता, आणि आत स्प्रिंगवर तोललेला दुसरा. बाहेरच्याने हवा भरायची, आतल्याने ती सुरांना बेताबेताने पुरवायची. आतला भाता कधी रिकामा पडू द्यायचा नाही, की सूर हेलकावत नाही. एवढं डोक्यात शिरायला मिनिटभर लागलं. हातात उतरायला सव्वा वर्ष.

त्या सव्वा वर्षात घरी नुसता भूप. सा रे ग प ध, पाच सूर. आमच्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये भेटले की विचारायचे, "अजून भूपच का?" त्यात कुत्सितपणा नव्हता, खरीखुरी काळजी होती. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक परीक्षेला बसलो तेव्हा रांगेत माझ्यापुढे तिसरी-चौथीतली पोरं. त्यातल्या एकाने माझ्या घामेजलेल्या हातांकडे पाहून रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "ते काही अवघड विचारत नाहीत." मी पास झालो. तोही झाला असणार.

खरी गोष्ट घडली तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात. मिरजेहून जवारी काढून आलेला तानपुरा ताई लावत होती. खर्जाची तार जुळली, ती छेडत राहिली, आणि त्या घुमाऱ्यातून हळूच गंधार, म्हणजे ग, वर आला. तो कुणी छेडलेला नव्हता. गवई याला स्वयंभू गंधार म्हणतात, हे मी पुस्तकात दोनदा वाचलं होतं आणि वार्षिक अहवाल वाचावा तसं विसरलो होतो. आज तो ऐकू येत होता. मी पेटीवर भूप धरला. भूपाचा वादी सूर गंधारच, तिथे थांबावंच लागतं. थांबलो, आणि काहीतरी टोचलं. भात्याची चूक असेल म्हणून हात हलका केला. पुन्हा तेच. चपलेत बारीक खडा जावा तसं.

"ताई, माझा गंधार चढा लागतोय का?"

तिने तानपुरा मांडीवरून खाली ठेवला. "तुमचा नाही. पेटीचा."

पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. कुठल्याही पट्टीत गाणाऱ्याची सोय व्हावी म्हणून केलेली ती तडजोड. त्यात शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधाराच्या किंचित वर बसतो, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा साधारण सातवा हिस्सा. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं, निघत नाही. असल्याच तक्रारींवरून 1940 साली रेडिओवरून पेटी हद्दपार झाली आणि पुढे तीसेक वर्षं बाहेरच राहिली. तिकडे गोविंदराव टेंब्यांनी तोवर याच वाद्यावर मैफली गाजवून झाल्या होत्या. बोरीहून आलेल्या तुळशीदास बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, तीही पेटीसाठीच. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. दोष आहेच. तो माहीत असलेला वादक त्या गंधारावर रेंगाळत नाही, गवयाच्या सुराला जागा देऊन बाजूला होतो. टेंबे, बोरकर यांच्या बोटांत काय होतं त्याचा मला अंदाज येतो तो एवढाच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तीन वर्षं फी भरून तुम्हाला पेटी बेसूर आहे एवढं कळलं?"

हो. आणि त्या रात्री मला झोप आली नाही, आनंदाने. ती पेटी पहिल्या दिवसापासून तशीच होती. तानपुराही क्लासच्या कोपऱ्यात रोज उभाच होता. तोवर मला पेटी म्हणजे गोड आवाज आणि बेसूर म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार, एवढाच सुराचा संसार होता. आता लग्नाच्या हॉलमधली सनई, रिक्षातलं गाणं, देवळातली आरती, सगळीकडे कान आपोआप गंधार शोधतो. कधीकधी वैतागही येतो. आरतीला पूर्वी मजा यायची.

पुढच्या गुरुवारी क्लासला गेलो आणि भूप काढायला मन घेईना. ताईने ते ओळखलं. म्हणाली, "काका, मग आज दुर्गा वाजवू या."

दुर्गात गंधार लागतच नाही.