रुळांचे प्रकार

मुंबईत वाढलेल्या माणसाची बदली चंदीगडला झाली म्हणजे पहिले काही महिने त्याला वेळ कळेनासा होतो. मनगटावर घड्याळ असतेच. पण आठ-बाराची जलद चुकली की नऊ-तीनची धीमी मिळाली, हेच ज्याचे खरे घड्याळ, त्याला सावलीच्या रुंद रस्त्यावरून पंधरा मिनिटांत कचेरीत पोहोचल्यावर आपण कामाला आलो असे वाटतच नाही. या शहराला रेल्वेस्थानक आहे. परंतु ते पूर्वेच्या काठावर, गावाकडे पाठ करून बसल्यासारखे. गावात रूळ नाही. तो असावा काय, आणि असलाच तर कोणत्या जातीचा, ही चर्चा मात्र आम्ही येथे येण्यापूर्वीपासून चालू आहे आणि आमची बदली झाल्यावरही ती चालू राहील, असा रंग दिसतो.

या चर्चेचा इतिहास सरकारी फायलींशी परिचय असलेल्या वाचकांना नवा वाटणार नाही. 2012 मध्ये दिल्ली मेट्रोने अहवाल दिला. 2017 मध्ये तो खर्चाला परवडत नाही म्हणून बासनात गेला. मधूनच कोणी मोनोरेलचे नाव घेतले. पुढे राइट्स या संस्थेकडे नव्याने अभ्यास आला आणि वाद पुन्हा जुन्या जागी येऊन ठेपला: गाडी खांबांवरून न्यावी की जमिनीखालून? खांबांनी कॉर्बुझिएच्या नगराचे आकाश बिघडते. भुयार दुपटीहून अधिक महाग पडते. दोन्ही पक्ष खरेच बोलतात, म्हणून निकाल लागत नाही.

आम्हांला वाटते, गोंधळाचे एक कारण शब्दात आहे. रुळावरून धावणारे जे जे नवे, त्याला हल्ली सरसकट मेट्रो म्हणतात. वास्तविक या जाती स्वभावाने फार निराळ्या. मुंबईची ट्रॅम 1874 मध्ये घोड्यांनी ओढली, 1907 मध्ये विजेवर आली आणि 31 मार्च 1964 च्या रात्री थांबली. ती रस्त्याची सोबतीण होती. पायरी उतरली की माणूस थेट दुकानापुढे. लोकल ही मूळची आगगाडीच. 1853 च्या बोरीबंदर-ठाणे मार्गावरच ती वाढली, 1925 मध्ये तिला वीज मिळाली, आणि आजही काही ठिकाणी मेल नि मालगाडीशी रूळ वाटून घेऊन बारा-पंधरा डब्यांची ती गर्दी पोटात घालते. 2014 मध्ये वर्सोवा-घाटकोपर मार्गावर आलेली मेट्रो निराळ्या कुळातली. लोकलच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर, हिच्या 1435. म्हणजे एकीची गाडी दुसरीच्या घरी जाऊच शकत नाही. ही चार डब्यांची असली तरी मिनिटामिनिटांनी येते आणि वाटेत कोणासाठी थांबत नाही. मात्र तिच्यापर्यंत जिने चढून जावे लागते.

आणि मोनोरेल! तीही 2014 चीच. काँक्रीटच्या एकाच तुळईवर रबरी चाकांनी मांड ठोकून बसणारी ही गाडी दिसते मोठी देखणी. परंतु 19 ऑगस्ट 2025 ला मुंबईत पावसाने हार्बरची लोकल बंद पडली आणि तिची गर्दी मोनोत शिरली. 104 टनांची गाडी, भार झाला 109 टन. विजेचा संपर्क तुटला, गाडी अधांतरी उभी राहिली, आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून शेकडो माणसे खाली उतरविली. रुळावरची गाडी अडली तर माणूस निदान खडीवर उतरून चालू लागतो. तुळईवरून उतरून जायचे कोठे? पुढच्याच महिन्यात सेवा दुरुस्तीसाठी थांबविण्यात आली. कोणत्या वाहनाची मर्यादा काय, हे असल्या एका संध्याकाळी जितके कळते, तितके शंभर तक्त्यांतून कळत नाही.

आता हे चंदीगडला लावून पाहावे. येथला सेक्टर सुमारे 1200 मीटर लांब आणि 800 मीटर रुंद. त्याच्या कडेच्या जलद रस्त्यांवर घराचे दार उघडू नये, अशी मूळ योजनाच आहे. स्थानके व्हायची ती या रस्त्यांवर, म्हणजे घरांच्या पाठीशी. सेक्टरच्या मध्यातून तेथवर पाच-सात मिनिटे चालावे, मग जिना चढावा किंवा भुयारात उतरावा, आणि हे जूनच्या उन्हात किंवा जानेवारीच्या धुक्यात! उत्तरेकडच्या सेक्टरांत वस्ती विरळ, घरे बुटकी. बांद्र्याची गर्दी येथे आणणार कोठून? म्हणून आमचे मत ट्रॅमकडे झुकते. मध्य मार्ग पुरेसा रुंद आहे. आकाशही अडत नाही. अडचण एकच, आणि ती आमच्याच वर्गाची: चौकाचौकांत ट्रॅमला आधी वाट द्यावी लागेल, म्हणजे आमच्या मोटारींना थांबावे लागेल. या अडचणीचा उल्लेख चर्चेत सहसा होत नाही.

आमच्या कचेरीतला एक तरुण कारकून झिरकपूरहून येतो. बसच्या वेळा जुळेनात, तेव्हा त्याने कर्ज काढून मोटारसायकल घेतली. पगारातला ठरावीक भाग दर महिन्याला तिच्यावर जातो, आणि पावसाळ्यात तो भिजलेल्या बुटांनी दिवसभर बसतो. त्याच्यासारखे हजारो लोक मोहाली, पंचकुला, झिरकपूरहून रोज सकाळी या शहरात येतात. रूळ खरोखर कोणासाठी पडायचे असतील तर त्यांच्यासाठी. आम्ही त्याला एकदा सगळे प्रकार समजावून सांगितले: ट्रॅम, खांबावरची, भुयारातली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, यांतली शेवटची गाडी किती वाजता सुटेल?" अधिवेशनाच्या दिवसांत तो रात्री दहापर्यंत कचेरीत असतो. आम्ही दादरच्या मध्यरात्रीनंतरच्या लोकलबद्दल सांगू लागलो, तेव्हा त्याला ते खरे वाटेना. आपल्यापैकी ज्यांच्याकडे अशी फाईल येईल, त्यांनी तिच्यात हा एक रकाना वाढवून घ्यावा.